सुधीरबरोबरच्या सव्वीस गच्च्या

सुधीरच्या मुलीचा, मुग्धाचा फोन आला तेव्हा मी कामासाठी परळच्या एका इमारतीच्या गच्चीवर होतो. सकाळचे दहा वाजून गेले असतील. "विजूकाका, बाबा गेले," ती म्हणाली. चहा घेतला, पेपर मागितला आणि ती पेपर घेऊन येईपर्यंत मान कलली होती... एवढंच. निघतो म्हणालो, फोन ठेवला आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. खरं सांगायचं तर रडू आलं नाही. मनात पहिला शब्द आला तो 'सुटला'. गेले सात-आठ महिने सुधीर रेडकर नाकात ऑक्सिजनची नळी घालून खुर्चीत बसल्या बसल्या झोपत होता, कारण आडवा झाला की दम कोंडायचा. ज्या माणसाने अर्ध्या मुंबईचे जिने चढले, त्याला न्हाणीघरापर्यंतची सहा पावलं दोनदा थांबून टाकावी लागत होती. आज सहा आठवडे झाले, तरी तो शब्द बदलावासा वाटत नाही. तो सुटला, आणि त्याच्यामुळे फार आधी मीही सुटलो होतो. ते मी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही.

आम्ही दोघं बावीस वर्षं एका छोट्या कंपनीत होतो. काम सांगायला सोपं आहे. हल्ली पुष्कळ घरांत इंटरनेट जमिनीखालच्या तारेने येत नाही. गच्चीवरच्या खांबाला एक पांढरा डबा बसवतात, आपल्या जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा. तो लांबच्या टॉवरचा सिग्नल पकडतो आणि एका वायरीने घरात उतरवतो. इंटरनेट देणाऱ्या कंपन्या असे डबे आधी आमच्याकडे पाठवतात. ऊन, पाऊस, खारी हवा, वारा सोसून डबा टिकतो का आणि टॉवरकडचं तोंड फिरवत तर नाही ना, हे आम्ही बघायचं. मी मूळचा आतला माणूस, लॅबमधला. गिरगावात मास्तरांच्या घरी वाढलेला, नीट इस्त्रीचा शर्ट घालणारा. सुधीर बाहेरचा. वडील गिरणीत, जन्म नायगावच्या चाळीत, आणि कुठल्याही इमारतीत शिरला की लिफ्टकडे जाण्याआधी वॉचमनच्या गावाची चौकशी करणारा. दादरच्या एका आजींनी गच्चीवर डबा लावू द्यायला साफ नकार दिला होता, त्यातून निघणाऱ्या लहरींनी आपलं डोकं दुखेल म्हणून. सुधीर त्यांच्याकडे तासभर बसला, त्यांच्या डोकेदुखीची सगळी हकीकत ऐकली आणि मग हळूच म्हणाला की डबा अजून जोडलेलाच नाही, तेव्हा आजचं दुखणं तरी त्याचं नसावं. आजी हसल्या. पुढे पंखा बिघडला तरी त्या त्यालाच फोन करायच्या, आणि तो जायचा.

आता माझं सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वी एका नव्या डब्याची तपासणी माझ्याकडे होती. डबा खांबाला ज्या क्लॅम्पने आवळतात, तो वाऱ्याच्या थरथरीत ढिला होतो का हे बघायला आमच्याकडे हादरे देणारं एक टेबल आहे. त्याच्यावर डबा बसवून उभे, आडवे, पुढे-मागे असे ठरलेले तास हादरे द्यायचे. दोन दिशा पूर्ण झाल्या. तिसरी अर्धी झाली होती आणि टेबल तापून बंद पडू लागलं. गणपती दोन दिवसांवर, कंपनीचा रिपोर्टसाठी तगादा, आणि तोवर एकही नट हललेला नव्हता. मी टेबल बंद केलं, तिसऱ्या रकान्यात पूर्ण तास लिहिले आणि सही केली. बावीस वर्षांत असं एकदाच केलं... पण केलं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्या डब्यांची पहिली खेप दादर, माटुंगा, शिवाजी पार्क भागातल्या सव्वीस इमारतींवर बसली.

पावसाळा अर्धा झाला आणि एका गच्चीवरचा स्पीड उतरला. सुधीर बघायला गेला. डबा अंगठाभर फिरला होता, नट बोटांनी हलत होता. दुसऱ्या कुणी नट आवळला असता आणि घरी गेला असता. तो परत आला आणि थेट लॅबमध्ये जाऊन त्या टेबलाची नोंद उघडून बसला. यंत्र स्वतःचे तास स्वतः लिहून ठेवतं, हे मी विसरलो होतो. दुपारी जेवणाच्या वेळी तो माझ्यासमोर येऊन बसला. ऑफिसात तो नेहमी आमच्यासारखंच बोलायचा, मालवणी फक्त घरी. त्या दिवशी मात्र खालच्या आवाजात म्हणाला, "विजू, सायबांक तू सांगतलंस काय मी सांगू?"

मी त्याला कारणं देऊ लागलो. त्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मी सांगितलं. आमच्या मालकांनी, नाडकर्णी साहेबांनी, इंटरनेट कंपनीला खरं काय ते कळवलं आणि सगळ्या डब्यांचे नट बदलून वर दुसरा, अडकवून धरणारा नट बसवायचा असं ठरलं. मला वाटलं, आता माझ्या नोकरीचं बोलतील. तेवढ्यात सुधीर आत आला आणि म्हणाला की गच्च्यांच्या कामाला त्याला विजूच हवा, दुसरा नको. नोकरी राहिली. वरची जागा मिळणार होती, ती गेली.

दहा दिवसांत आम्ही भर पावसाळ्यात सव्वीस गच्च्या केल्या. एकोणीस ठिकाणी नट शाबूत होते, आणि शाबूत नटागणिक माझा राग वाढत होता. उगाच तमाशा केला, असं मी मनात घोकत होतो. शिवाजी पार्कजवळच्या एका तीन मजली इमारतीत खांब अगदी कठड्याला लागून होता. सुधीरने पाना लावायच्या आधी सवयीने नटाला बोट लावलं आणि नट त्याच्या तळहातावर आला. डबा एका बाजूने लोंबकळला. त्याने डाव्या हाताने तो धरून ठेवला आणि उजव्या हातातला नट माझ्या हातात दिला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. बरोबर खाली बाकावर दोन म्हातारे फेरी मारून येऊन बसले होते, एकाच पेपरची पानं वाटून घेऊन वाचत. त्यातल्या एकाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती...

सुधीरने माझ्याकडून नवा नट मागून घेतला आणि डबा आवळला. मी गच्चीवरच बसकण मारली. कुणाला काही झालं नव्हतं. इतकी हलकी, इतकी मोठी सुटका मी आयुष्यात दुसरी अनुभवलेली नाही.

तरीही वर्षभर मी त्याच्याशी धड बोललो नाही. ज्याने आपली चूक पाहिली, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवणं जड जातं. पुढे त्याचं दुखणं निघालं, आम्ही पूर्वीसारखे भेटू लागलो, पण तो विषय टळतच राहिला. तो जाण्याच्या आठ दिवस आधी मी माटुंग्याला गेलो होतो. नायगावची चाळ पाडल्यापासून ते तिथे भाड्याने राहत होते. त्या दिवशी मी सरळ सांगून टाकलं, की सुध्या, वर्षभर मी तुझा राग केला, आणि तू मला वाचवलं होतंस. तो दम घेत हसला. "माका ठावक होता. डब्यातली भाजी देवची बंद केलंस तू." मग थांबून, श्वास जमवून म्हणाला, "त्या दोघा म्हाताऱ्यांक तरी खंय ठावक आसा?" हे आमचं शेवटचं बोलणं. बोललो ते बरं झालं. नाहीतर तो फोन मला त्या गच्चीवर पेलला नसता.

परवा शैलावहिनींनी बोलावलं, त्याची हत्यारं घेऊन जा म्हणून. चहा होईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. खिडकीच्या जाळीच्या प्रत्येक नटावर एक बारीक लाल रेघ दिसली, नटावरून खालच्या पट्टीवर उतरलेली. शेगडीच्या नळीवर तशीच. वर पाहिलं तर पंख्यालाही.

"माझं नेलपॉलिश," वहिनी म्हणाल्या. "अख्खी बाटली संपवली. नट जरा फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून कळतं, असं म्हणायचे. तीन वर्षांत हे खूळ कुठून लागलं, देव जाणे. तुम्हाला काही बोलले होते का, भावोजी?"

म्हणजे त्याने घरीही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

मी खाली बसलो आणि वहिनींना पहिल्यापासून सगळं सांगितलं. टेबल, सही, सव्वीस गच्च्या, बाकावरचे दोघं. चहा निवला. माझं संपल्यावर त्या उठल्या, मांडणीवरून कुकर काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मुठीच्या स्क्रूवरची लाल रेघ मधोमध तुटून सरकली होती.

"हा तेवढा आवळून द्या," त्या म्हणाल्या.

मी सुधीरच्या पिशवीतून पेचकस काढला आणि रेघेची दोन टोकं एकमेकांना लागेपर्यंत सावकाश फिरवला.