चौथा सिलिंडर

बायको गॅरेजमध्ये हाताखाली आली की मिस्त्री आधी तिचे हात बघायचे. तिच्या तळव्यांना भारी घाम यायचा, आणि ताज्या घासलेल्या लोखंडावर तिचं बोट टेकलं की दुसऱ्या दिवशी तिथे तांबडा ठसा हजर. एकदा असा ठसा गिऱ्हाइकाच्या क्रँकवर उमटला आणि मिस्त्रींनी चारचौघांत तिचं नाव ठेवलं, गंजराणी. लोक हसले. तीही हसली. चेष्टा एकदा करून सोडून द्यावी. या गृहस्थांनी ती तीस वर्षं चालवली.

त्यांची स्वतःची एक जुनी मोटार होती. तिचं इंजिन उतरवून ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा लोखंडी सांगाडा, मोकळा केला, चारही सिलिंडर आतून कातून, बोअर करून आणले, आणि नेमकी मिस्त्रींची कंबर धरली. ब्लॉक ठेवून द्यायचं ठरलं. मिस्त्रींनी तीन सिलिंडरना आतून इंजिन ऑइल चोपडलं आणि गुंडाळायला प्लॅस्टिक, चिकटपट्टी आणायला घरात गेले. परत येतात तो बायकोने रॉकेलने हात धुऊन चौथ्यात ग्रीसचा जाड थर फासलेला. त्यात तिच्या बोटांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

"तेल ओघळून जातं हो," ती म्हणाली. "आणि प्लॅस्टिक गुंडाळाल ते फार आवळू नका. आत पाणी सुटेल."

"तू मला शिकवणार? चौथा गेला म्हणून समज."

त्यांनी हट्टाने पट्टीचे वेढ्यावर वेढे दिले, ब्लॉक टेबलाखाली फरशीवर सरकवला आणि दोन दिवस अबोला धरला.

त्याला सहा वर्षं झाली. आता बायको अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी महिनाअखेरचीसुद्धा खात्री दिली नव्हती. तिने एकच मागितलं. "त्या मोटारीत एकदा बसवा. कोपऱ्यापर्यंत गेली तरी पुरे."

पिस्टन, रिंगा सगळं तयार होतं. पंधरा दिवसांचं काम. मिस्त्रींनी कंबरेला पट्टा आवळला आणि प्लॅस्टिक कापलं. आतून थेंब गळले. पहिल्या सिलिंडरमध्ये बोट घातलं तर नख गंजाच्या खड्ड्यात अडकलं. दुसरा तसाच, तिसरा त्याहून वाईट. चौथ्यातलं ग्रीस त्यांनी फडक्याने पुसलं. आत बोअरनंतरच्या घासकामाच्या, होनिंगच्या तिरक्या रेघासुद्धा जशाच्या तशा लखलखत होत्या.

शेजारचा टर्नर वाकून बघून गेला. "याला आता आणखी बोअर करता येणार नाही, मिस्त्री. तिन्हींत आतून स्लीव्हच्या नळ्या ठोकाव्या लागतील. दीड महिना धरा."

मिस्त्री उपड्या डब्यावर बसून राहिले. स्वतःची एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. मग उठून ते तिच्या खोलीत गेले.

"उघडला का ब्लॉक?" तिने विचारलं.

"तीन गेले. माझे तिन्ही. तुझा तेवढा नवाकोरा आहे."

"म्हणजे नाही जमणार."

"नाही. तू तेव्हा भांडायचं होतंस गं माझ्याशी."

"सांगितलं होतं की."

मिस्त्रींनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने आपला हात झटकन पांघरुणात ओढून घेतला, तीस वर्षांच्या सवयीने.

"गंज लागेल," ती म्हणाली. या वेळी कोणीच हसलं नाही.