निरोप धुणारा भाटवा

माणसाच्या हातांना माझ्या भाटव्याइतकं घाबरणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. वाटेत बिबट आडवा गेला तर हा सायकल टेकवून निवांत बघत उभा राहील, पण कुणी मायेनं पाठीवरून हात फिरवायला आलं की अंग चोरून मागं सरकेल. भाटवा म्हणजे आमच्याकडं बहिणीचा नवरा. माझ्या धाकट्या बहिणीचा, शालूचा हा नवरा मूळचा कोरपन्याचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. शिकून हैदराबादेत एका औषधाच्या कंपनीत लागला. तिथं काय करता म्हणून विचारलं की शांतपणे सांगायचा, "निरोप धुतो." ऐकणारा आधी त्याच्याकडं आणि मग आमच्याकडं बघायचा.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आपल्या पेशींना 'अमुक पदार्थ बनवा' असा निरोप पोचवणारा एक नाजूक धागा असतो, त्याला मेसेंजर आरएनए म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. असा धागा बाहेर तयार करून, स्वच्छ करून रोग्याच्या अंगात घातला की शरीर आपलं औषध आपणच बनवील, यावर भाटव्याची देवावर नसेल एवढी श्रद्धा होती. घोडं अडत होतं ते माणसाच्या हातापाशी. आपल्या घामात, थुंकीत, बोटांवर एक द्रव्य असतं आणि ते नुसतं लागलं तरी या धाग्याच्या चिंध्या होतात. उकळूनही ते द्रव्य धड मरत नाही. त्यामुळं गृहस्थानं अख्ख्या मनुष्यजातीच्या हातांशी वैर मांडलं होतं, त्यात स्वतःचेही हात आले.

शालूला पाहायला तो आमच्या गावी, सावलीला, आला तोच मुळी भर मे महिन्यात, हातांत पांढरे रबरी मोजे घालून. आमच्या भागात उन्हाळ्यात हात झाकून बसलेला माणूस दिसला की पहिली शंका महारोगाची. पोह्यांच्या बशा फिरल्या, पण बैठकीतल्या एकाचंही लक्ष पोह्यांत नव्हतं. शेवटी काकांनी आवाज खाली आणून विचारलं, "हाताले काई झालं काय, भाऊ?" साध्या प्रश्नाला साधं 'नाही' म्हणून मोकळं व्हायचं, तर याच्या अंगातला शास्त्रज्ञ जागा झाला. त्यानं प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "हाताले हायेच ना. तुमच्याबी हाताले हाये. सगळ्याईच्याच असते. उकळलं तरी जात नाई."

काकांची बशी मांडीवर पालथी झाली. काकूंनी दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. आईचा चेहरा तर असा पांढरा पडला की मला पाणी आणायला धावावं लागलं. पाहुण्यांना 'कळवतो' म्हणायची वेळ आली तेव्हा शालू दारातून पुढं आली आणि तिनं त्याला सरळ मोजे काढायला सांगितले. त्यानं काढले. भाताच्या रोवणीला दिवसभर चिखलात राहून बाया परततात तेव्हा त्यांचे हात जसे पांढरे आणि सुरकुतलेले असतात, तसे ते होते. बाकी धडधाकट. "हे मोजे हाताले वाचवाले नाई," तो ओशाळून म्हणाला, "हातापासून वाचवाले हायेत." कोणाला, असं शालूनं विचारलं. तो म्हणाला, "निरोपाले." शालूला तो तिथंच आवडला. हा माणूस निरोपाची एवढी काळजी घेतो, म्हणजे घरी कळवल्याशिवाय उशीर करणार नाही, असा तिचा हिशेब होता. तो साफ चुकला, ही गोष्ट वेगळी.

लग्नानंतर त्यानं आम्हाला धक्के देणं थांबवलं नाही. पानावर वाकून बोलायचा नाही, तोंडातली वाफ पडते म्हणून. आई बरण्या उकळते हे पाहून त्यानं उकळण्याचा काही उपयोग नाही, भांडी भाजावी लागतात, असं सांगितलं आणि लोणच्याची काचेची बरणी चुलीच्या आरात, लाल निखाऱ्यांत, ठेवून दाखवली. ती फुटल्याचा आवाज चार घरं पलीकडं गेला. आमचे बाबा तळ्यावर मासे धरणारे. त्यांनी एकदा खोदून खोदून त्याचं काम विचारलं. त्यानंही हौसेनं सांगितलं: धाग्याला शेपटी असते. कापसाच्या जातीचे बारीक तंतू घ्यायचे, त्यांना अशी आकडी लावायची की ती शेपटीच तेवढी अडकते. वरून खारं पाणी सोडलं की बाकीची घाण वाहून जाते, मग बिनमिठाचं पाणी सोडलं की धागा आपोआप सुटून हाती येतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढं तळं उपसून एवढीशी मासोळी?"

"हो, मामाजी."

"अन् खाताबी येत नाई?"

त्या संध्याकाळी बाबा आईला म्हणाले की पोरीचं नशीब, दुसरं काय.

पण कमाल झाली ती आमच्या आत्याबाईच्या वेळी. 'आत्याबाई गेली एटापल्लीले' असा साधा निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर नातेवाइकांकडं धाडला होता. तो पोचला तेव्हा 'आत्याबाई गेली' एवढाच उरला. दुसऱ्या दिवशी ते सगळे आमच्या अंगणात येऊन थडकले आणि रडारड सुरू. तेवढ्यात आत्याबाई स्वतः एसटीतून उतरली, गर्दी पाहून धसकली, आधी बायांत बसून मनसोक्त रडली आणि मग कोण गेलं म्हणून विचारलं. एक बाई तर भोवळ येऊन पडली. आम्ही सगळे हादरलेले आणि भाटवा एकटा आनंदानं मांडी थोपटतोय. "पाहा भाऊ, शेपूट तुटलं का असं होते," तो मला म्हणाला. अर्धवट, तुटके निरोप अंगात गेले की शरीरही असंच खवळतं, तापानं फणफणतं, म्हणून निरोप नुसता बनवून भागत नाही, धुवावा लागतो. आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "एक थेंब कोनीबी धुते. एका थेंबानं कोनाचा रोग जाते काय? मले भरपूर धुवाचा हाये. मानसाले देता येईन एवढा."

त्यासाठी त्यानं सगळं पणाला लावलं होतं. सणवार चुकवले, जास्त पगाराची नोकरी चालून आली ती नाकारली, शालूनं हैदराबादेत एकटीनं दिवाळ्या केल्या. कधी एखाद्याच्या शिंकेनं, कधी एका उघड्या बोटानं महिन्यांची मेहनत वाया जायची आणि हा पुन्हा पहिल्यापासून धुवायला बसायचा. अखेर एके सकाळी माझ्याकडं त्याचा फोन आला. निरोप बाटलीभर धुऊन झाला होता, तपासणीत अखंड आणि निर्मळ ठरला होता. फोनवर तो हसत होता की रडत होता, मला अजून सांगता येत नाही. बाबांनी काही न समजता पेढे वाटले.

पुढच्याच वर्षी कंपनीच्या मालकांनी तो विभाग बंद केला. धाग्याचं औषध होत नसतं, असं त्यांना कोणीतरी पटवून दिलं होतं. भाटवा सावलीला आला, अंगणात बसला आणि आईनं पुढं केलेला चहा त्यानं तिच्या हातातून उघड्या हातांनी घेतला. आई कप सोडायचंच विसरली. इतकी वर्षं आम्ही त्याच्या मोज्यांना हसलो, पण ते उघडे हात मला बघवेनात. बाटलीचं काय केलं, असं मी विचारलं.

"मोरीत ओताले सांगतलं होतं," तो म्हणाला. "ओतवलं नाई, भाऊ. मंग मोजे काढले अन् हात घातला त्याच्यात."

 मी नुसतं 'मग?' म्हणालो.

"मंग काई नाई. दिसाले तसाच दिसत होता, पान्यावानी." त्यानं कप खाली ठेवला. "एवढी वर्सं धुतला, पन हात कधी लावला नव्हता. लई थंड होता, भाऊ."