विहीणबाईंचा सुरा

लोहारीणबाईंच्या हातची धार अशी, की कागद नुसता टेकवला तरी दोन तुकडे. लहानपणी वडिलांच्या भट्टीवर भाता ओढता ओढता त्या घण मारायलाही शिकल्या. आपल्या पात्यांना कुणी नावं ठेवलेली त्यांना मुळीच खपायची नाहीत. आणि नावं ठेवली कुणी, तर थेट व्याह्यांनी!

लेक दिली होती बाजारातल्या खाटकाच्या घरी. लग्नात बाईंनी व्याह्यांना हौसेनं एक सुरा घडवून दिला. थोड्याच दिवसांत व्याही तो फडक्यात गुंडाळून भट्टीपाशी हजर. धारेचा नखाएवढा टवका उडालेला.

"विहीणबाई, तुमच्या सुऱ्याचे दात पडायला लागले की हो!"

"सुरा चांगला ठणठणीत आहे. हात वाकडा असेल कुणाचा तरी."

बाईंनी दुसरा करून दिला, त्याचाही टवका उडाला. मधल्या मध्ये लेकीचे हाल. सासरे म्हणायचे, "तुझ्या आईचं पोलाद लोणी कापायला झकास!" आई म्हणायची, "सुरा कुठला आणि पहार कुठली, हे तुझ्या सासऱ्यांना कळतं का, विचार." शेवटी लेक वैतागली. "आई, मी काय तुमची पोस्टमन आहे? दुकानात ये आणि काय ते समोरासमोर भांड."

बाई पदर खोचून गेल्या. दुकानात चांगली गर्दी होती. व्याह्यांनी ओंडक्यावर मोठं हाड ठेवलं आणि सुरा हाणला. तो निम्म्यात रुतला, तसा त्यांनी मनगटाला हिसका देऊन तो आडवा पिळला.

"सापडलं!" बाई टाळी वाजवून ओरडल्या. "अहो, पातं उभा मार सोसतं, आडवा पीळ नाही. डब्याचं झाकण उघडताय का?"

गिऱ्हाईकं खो खो हसली. व्याह्यांनी सुरा बाईंच्या हातात दिला. "मग तुम्हीच दाखवा."

बाईंनी जोर लावून सरळ घाव घातला. तसाच सरळ उचलला. कुठे पीळ नाही, काही नाही. तरी धारेला ताजा टवका!

व्याही मिशीतल्या मिशीत हसत होते. बाईंचे कान तापले. पण टवक्याकडे पाहता पाहता त्यांनाच हसू फुटलं. "घ्या! आता माझाही हात वाकडा."

घरी परतताना मात्र डोकं चालूच होतं. भाजी चिरायची सुरी आणि हाडं तोडायचा सुरा, दोन्हींना त्या एकच पातळ धार लावत आल्या होत्या. तापलं पातं पाण्यात बुडवून कडक करायचं, म्हणजे पाणी द्यायचं, तेही दोन्हींना सारखंच. कडक पातं छान कापतं, पण दणका बसला की काचेसारखं तडकतं. हाडाचा दणका त्याला झेपणार कसा?

पुढच्या खेपेला त्यांनी सुऱ्याची धार जाड ठेवली. पाणी दिल्यावर पातं पुन्हा मंद आचेवर धरलं, सोनेरी रंग चढून तो जांभळट होईपर्यंत. कडकपणा थोडा उतरला आणि पात्यात चिवटपणा आला. इतकी वर्षं घाईत हा शेक त्या जेमतेम देत होत्या.

व्याह्यांनी अंगठा फिरवून नाक मुरडलं. "यानं टोमॅटो तरी चिरता येईल का?"

"टोमॅटो सूनबाई चिरेल. तुम्ही हाड फोडा."

एक घाव, दुसरा घाव, मग मोजायचंच राहिलं. सवयीनं व्याह्यांचं मनगट वळायला लागलं, तशी बाईंनी हातावर चापट मारली. व्याह्यांनी सुरा सरळ उचलून उजेडात धरला. धार अखंड!

"विहीणबाई, मानलं तुम्हाला!"

"मीही मानलं. तुम्ही कुरकुर केली नसती तर मी तशीच पाती ठोकत बसले असते."

त्यानंतर भट्टीवर कुणीही आलं, की बाई आधी विचारायच्या, "काय कापणार?" एकदा शेजारीण म्हणाली, "नवऱ्याचं घोरणं."

"त्याला करवत लागेल गं," बाई म्हणाल्या आणि भाता ओढायला लागल्या.