वगळलेला ‘नाही’

माझे यजमान गेले त्याला तीन महिने झाले होते, तेव्हा कर्वेनगरच्या त्या हॉस्पिटलातून फोन आला. रुग्णसेवा विभागातली मुलगी बोलत होती. ते अ‍ॅडमिट होते ते आठही दिवस हीच मला चहा आणून द्यायची, बाकावर माझ्याशेजारी टेकायची. "काकू, आमच्या पत्रिकेत नातेवाइकांचं मनोगत छापतो. तुम्ही मराठीच्या बाई होतात, तुम्हीच लिहा ना. अगदी मनमोकळं लिहा."

मनमोकळं म्हणाली, म्हणून लिहिलं. नर्सेसबद्दल चांगलं लिहिलं, कारण त्या चांगल्याच होत्या. एका वाक्याला मात्र दोन दिवस लागले: ‘त्यांची प्रकृती खालावते आहे, हे आम्हाला वेळेवर सांगितलं गेलं नाही.’

चौकशीच्या खिडकीवर रोज एकच उत्तर मिळायचं, "स्थिर आहेत." त्यावर विसंबून मी बंगळूरला असलेल्या माझ्या लेकीला सांगत राहिले, उगाच धावपळ करू नकोस, रजा शिल्लक ठेव. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मला काही सांगितलंच नव्हतं, हे मी तिला हजारदा सांगून पाहिलं. छापून आल्यावर तरी पटेल, एवढीच माझी आशा होती.

पत्रिका आली. पहिल्या पानावर आरोग्य शिबिर, मग रक्तदात्यांचा फोटो, नव्या लिफ्टचं उद्घाटन, आणि शेवटच्या पानावर मी. मी ते वाचायच्या आतच बिबवेवाडीच्या नणंदेचा फोन आला; तिच्याकडेही ही पत्रिका जाते. "वहिनी, छान लिहिलंत हो. मन मोठं आहे तुमचं."

मोठं मन कुठून आलं ते कळेना. चष्मा लावून वाचलं. ‘त्यांची प्रकृती खालावते आहे, हे आम्हाला वेळेवर सांगितलं गेलं.’ पूर्णविराम. खाली जाड ठशात माझं नाव.

तडक रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं. रुग्णसेवेतली ती मुलगी हसत उठली, "या काकू." मी ते पान तिच्यापुढे धरलं.

"अहो, पत्रिकेत निगेटिव्ह वाक्यं घेत नाही आम्ही. सर म्हणाले, पॉझिटिव्ह करून टाक. बाकी एका शब्दाला हात लावला नाही मी."

आयुष्यभर मी वर्गात हेच शिकवलं. नकारार्थी वाक्याचं होकारार्थी करा. पुढे कंसात असायचं, ‘अर्थ न बदलता’. कंसातलं वाचायची सवय हिला कुणी लावली नसावी.

"चूक दुरुस्त करून छापा," मी म्हटलं.

"पुढचा अंक भरलाय, काकू. बघते मी. चहा घेणार?"

परक्या माणसानं फसवलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. हिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले होते. चहा न घेता मी घरी आले.

कुलूप काढतानाच फोन वाजला. नणंदेनं त्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. इतक्या दिवसांत लेकीनं आपणहून केलेला तो पहिलाच फोन.

"आई, तुला त्यांनी वेळेवर सांगितलं होतं?"

"अगं नाही, ते त्यांनी—"

"तूच लिहिलंयस. खाली नाव आहे तुझं." मग म्हणाली, "मग मला का नाही बोलावलंस?"