नाही म्हणणारी मान

आमच्या दवाखान्यातल्या मावशी आधी मानेने नाही म्हणत आणि मग तोंडाने हो म्हणत. "डॉक्टर आहेत का?" असं कुणी विचारलं, की मान डावीकडे जरा, उजवीकडे जरा हलायची आणि मावशी म्हणायच्या, "हायेत ना, बसा." त्यांचं बोलणं पुरं होण्याआधीच दोघेचौघे परत गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. लोक त्यांना 'नाहीवाल्या मावशी' म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

दोन हजार सालाच्या सुमारास मी नागपूरहून अर्जुनी मोरगावकडच्या एका लहानशा नेत्र दवाखान्यात डोळे तपासायच्या नोकरीवर आलो. बारा खाटा, एक डॉक्टर, मी आणि मावशी. फरशी पुसणं, पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकणं, रांग लावणं ही त्यांची कामं. त्यांचा उजवा डोळा पांढरा पडलेला होता. मान हलते ती कंपवातामुळे, असा माझा समज झाला. नागपूरला दाखवून या, असं मी त्यांना सांगितलं.

"सर, ही बिमारी नोहोय," त्या म्हणाल्या. "हे माहं पाहणं हाय."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी धान कापताना लोंबीचं टोक डोळ्यात गेलं. घरच्यांनी पाल्याचा रस पिळला. आठवडाभरात डोळा गेला. नंतर घागर ओट्यावर ठेवायला जावं तर ती हवेतच सुटायची. पायरी आहे त्याच्या अलीकडेच पाय पडायचा. दोन वर्षं त्या अशा चाचपडत होत्या. एकदा धानाच्या बांधीत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या असताना माशी हाकलायला त्यांनी मान हलवली, तेव्हा समोरचा खुंटा सरकला आणि मागचं मोहाचं झाड जागच्या जागी राहिलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. पुन्हा तेच झालं.

"जवळचं पयते, दूरचं थांबते," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून मान थांबवलीच नाई."

दोन डोळे दोन जागांवरून पाहतात, म्हणून माणसाला अंतर कळतं, हे मी शिकलो होतो. एकच डोळा उरला तर मान हलवून त्यालाच दोन जागांवर न्यावं लागतं, असंही पुस्तकात एका ओळीत होतं. ती ओळ मी परीक्षेपुरती वाचली होती.

ज्याचा एक डोळा गेला असेल, त्या पेशंटला घरी सोडण्याआधी मावशी व्हरांड्यात बसवत. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. समोर कप आणि चहाची किटली. "आधी काठाले टेकव, मंग ओत. घाई कायले करतं?" मग मान हलवायला शिकवत. पुरुष लाजत, म्हातारे चिडत. मावशी कुणाची समजूत काढत नसत. सांडलेलं पुसत आणि पुन्हा किटली हातात देत.

निर्मला नावाची बावीस-तेवीस वर्षांची बाई मला विशेष आठवते. तिचाही डोळा धानानेच गेला होता. पदरात आठ महिन्यांची मुलगी, पण पडेल या भीतीने ती मुलीला उचलत नव्हती. मावशींनी तिला नऊ दिवस शिकवलं. दहाव्या दिवशी मुलीला कडेवर घेऊन ती पायऱ्या उतरली आणि घरी गेली.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा एकटाच आला. "साहेब, तिच्या अंगात आलं म्हणते माही माय," तो म्हणाला. "दिवसभर मान हालवून राहिली. मांत्रिकाले बोलावलं होतं. आता पोरगी तिच्याजवळ देत नाई कोणी."

मावशींनी हातातला फडका खाली ठेवला. "चाला सर," एवढंच म्हणाल्या.

दुपारच्या एसटीने आम्ही त्याच्यासोबत गेलो. निर्मला मागच्या खोलीत बसली होती. तिच्या कपाळावर राख होती आणि ती मान ताठ धरून होती. सासूने नातीला छातीशी घट्ट धरलं होतं. मी दोन डोळ्यांचं शास्त्र समजावून सांगू लागलो. सासूने तोंड फिरवलं.

मावशींनी मला थांबवलं. मुलीला तिच्या बापाकडे द्यायला लावलं आणि सासूला अंगणात बसवून तिचा उजवा डोळा पदराने बांधला. तांब्या तिच्या हातात दिला आणि समोर हातभरावर पेला धरला.

"ओत."

पाणी पेल्याच्या अलीकडे, सासूच्याच पायावर पडलं. पुन्हा ओतलं, पुन्हा सांडलं.

"आता मान हालव. पेला पाह्य, मागचा खांब पाह्य. कोन जास्त पयते?"

सासूने मान हलवली, थांबली, पुन्हा हलवली. चौथ्या खेपेला पाण्याची धार पेल्यात पडली. शेजारच्या बाया कुंपणाशी उभ्या होत्या. सासूची मान अजून हलतच होती.

"आता तुह्याही अंगात आली का वं?" मावशी म्हणाल्या.

कुंपणापलीकडे कुणीतरी हसलं. सासूने पदर सोडला. ओला पाय पुसला. मग उठली, मुलाच्या हातातून नातीला घेतलं आणि आत जाऊन निर्मलाच्या मांडीवर ठेवलं. आम्हाला चहा मिळाला.

परतताना बसमध्ये मी मावशींना म्हणालो, "तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "डॉक्टर झाली असती तं डोया गेलाच नसता. मंग हे समजलं असतं का?"

काही वर्षांनी काम सोडून त्या लेकीकडे गोंदियाला, फुलचूरला राहायला गेल्या. पुढे माझीही बदली गोंदियातच, नेत्रपेढीत झाली, पण वर्षातून एखाद्या वेळीच भेट व्हायची. एका सकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला. मावशी पहाटे गेल्या होत्या आणि सरांना लगेच कळवा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

मी नेत्रदानाची पेटी घेऊन पोचलो. खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली मेणबत्ती लावलेली होती. लेकीने घडी केलेला अर्ज माझ्या हातात दिला. 'माझे दोन्ही डोळे' असं त्यावर छापलेलं होतं. त्यातला 'दोन्ही' मावशींनी पेनाने खोडला होता आणि वर, वाकड्या अक्षरात, 'डावा' असं लिहिलं होतं.

मी हातमोजे चढवत होतो. लेक दारात उभी होती.

"सर, एकच हाय," ती म्हणाली. "चालते ना?"

"चालते," मी म्हणालो.