जपून ठेवलेला कान

"हिची माय कोन?"

दवाखान्यात जनावर आलं की मामांचा पहिला प्रश्न हा. ताप किती, चारा खाते का, शेण कसं पडतंय, हे सगळं नंतर. मालक घाईत असायचा, गाय खोड्यात अडकवलेली असायची, मी थर्मामीटर हातात धरून ताटकळायची, आणि मामा गाईच्या पाठीवरून हात फिरवत तिचं घराणं विचारायचे. मालकाला सांगता आलं नाही तर स्वतःच सांगायचे. "ही वरल्या शेतातल्या आखाड्यावरल्या तांबडीची नात. तिच्या आजीला बी असंच पोट फुगायची तकलीफ व्हती." बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

कचेरीतल्या शिपायाला मामा म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा मामा असेल. आमचे मामा कळमनुरी तालुक्यातल्या एका गावी गुरांच्या दवाखान्यात परिचर होते, आणि मी तिथली नवी डॉक्टर. नगरकडची, नुकतीच पदवी घेऊन आलेली, डोक्यात हवा भरलेली आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "मामा, आपल्याला गाईला औषध द्यायचंय, तिची सोयरीक जमवायची नाही."

मामा हसले नाहीत. "सोयरीकच तं जमवून राहिलो आपन, म्याडम," म्हणाले आणि कोपऱ्यातल्या नायट्रोजनच्या भांड्याकडे बोट दाखवलं. त्या भांड्यात परगावच्या, परदेशच्या वळूंच्या रेताच्या कांड्या गोठवून ठेवलेल्या असत.

एकदा सेनगावकडचा एक बागायतदार टेम्पोतून गाय घेऊन आला. लांबच्या बाजारातून आणलेली खानदानी गाय म्हणून तिचं कौतुक सांगत होता. मामांनी तिच्या शेपटीचा गोंडा उचलून पाहिला, खुरं पाहिली. "दादा, हिची माय तुमच्याच शेजारच्या गावात दावणीला हाय. व्यापाऱ्यानं तुमचीच वस्तू तुमाला फिरवून देली." बागायतदार रागाने लाल झाला. महिनाभराने मात्र मुद्दाम येऊन मामांना चहाला घेऊन गेला.

असा हा माणूस एका बाबतीत मात्र हटून बसायचा. मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही. शवविच्छेदन असलं की मामा दाराबाहेर पाठ फिरवून उभे. आत मी कापत बसायची. काळजाचा, फुप्फुसाचा तुकडा काढला की हाक मारायची, "मामा, हे जपून ठेवा." मग दारातून एक हात आत यायचा. त्या हातात तुकडा कुजू नये म्हणून एकास नऊ पाणी घातलेलं फॉर्मॅलिन भरलेली बाटली असायची, झाकण उघडलेलं, चिठ्ठी डकवलेली. तुकडा मीच टाकायचा. 'जपून ठेवा' या शब्दांचा आमच्या दवाखान्यात तेवढाच एक अर्थ होता.

एकदा मी भडकले. म्हैस फाडायची होती, मदतीला कोणी नव्हतं. "मामा, तुम्ही परिचर आहात की पाहुणे?"

ते पाठ न वळवताच बोलले. "म्याडम, आमच्या पिढ्या मेलेली ढोरं वढन्यात गेल्या. बापानं दीक्षा घेतली त्या दिशी ते काम टाकलं. लई मार खाल्ला त्यापायी. मला हितं नोकरी लागली तवा बाप म्हनला, जित्या जनावराची किती बी सेवा कर, मेलेल्याला हात लावू नको. आता बाप न्हाई. पर शब्द हाय ना."

मला माझीच लाज वाटली. त्यानंतर मी कधी त्यांना आत बोलावलं नाही.

एका दुपारी चहाच्या वेळी मामा पेपर घेऊन माझ्या टेबलापाशी आले. हजारो वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसा झालेला केसाळ हत्ती शास्त्रज्ञ पुन्हा जन्माला घालू पाहत आहेत, अशी बातमी होती. "हे होते का खरंच?"

मला शिकवायला फार आवडतं, आणि आमच्या दवाखान्यात विद्यार्थी कुठले मिळायला? मी कागदावर चित्र काढून बसले. पेशी म्हणजे काय, तिच्या पोटात सबंध जनावराचा आराखडा कसा असतो, तो काढून दुसऱ्या गाईच्या बीजांडात कसा घालतात, तिसरीच्या गर्भाशयात तो कसा वाढतो. हत्तीचं अवघड आहे, पण गाई-म्हशींचं झालेलं आहे, हेही सांगितलं. मामा डोळे बारीक करून ऐकत होते.

"त्याला जनावराचं काय लागते?"

"फार काही नाही. कानाच्या टोकाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा आणि जपून ठेवायचा. बस."

एवढं सांगून मी चहा संपवला आणि खोड्यातल्या बैलाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मामा लवकर आले. झाडू हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. म्हणाले, "म्याडम, तुमी काजळी गाय पायली का कधी?"

नव्हती पाहिली. माझ्या पुस्तकांतही ती नव्हती. मामांनी सांगितलं ते असं. सेनगाव आणि कळमनुरीच्या मधल्या खडकाळ माळांवर पूर्वी एक ठेंगणी, राखी रंगाची गाय असायची. डोळ्यांभोवती काळी रेघ, काजळ घातल्यासारखी. दूध तांब्याभर. पण उन्हाळ्यात माळावर गवताची काडी नसताना ती जगायची, आजारी पडायची नाही, आणि तिचे गोऱ्हे दगडधोंड्यांतून पेरणीची पाभर ओढायचे. आमच्या नोंदवहीत तिला वेगळा रकाना नव्हता. जर्सी, होलस्टीन, लाल कंधारी, देवणी, आणि उरलेल्या सगळ्या 'गावठी'.

"मग वरून आदेश आला. गावठी वळू ठिवायचे न्हाईत, जात सुधरायची. मी जवान व्हतो. चिमटा माझ्या हातात. गावोगाव फिरून वळू दाबले, खच्ची केले. लोक म्हनायचे, मामाचा हात बसला की बैल वरडत बी न्हाई." ते थांबले. "काजळीचे समदे वळू म्याच दाबले, म्याडम. एक बी सुटला न्हाई. मला वाटलं लोकायचं भलं करून राहिलो. आन् आता त्या माळावर जर्सी उनानं धापा टाकते."

मी म्हटलं, तुम्ही हुकमाचे ताबेदार, त्यात तुमचा काय दोष? हे म्हणणं सोपं होतं. मामांनी मान हलवली. "हुकूम कागदावर व्हता. चिमटा माझ्या हातात व्हता."

त्या दिवसापासून मामांनी काजळी शोधायला घेतली. सुटीच्या दिवशी एसटीने, जीपने, पायी. शिरड शहापूरपर्यंत गेले. कुठे डोळ्यांना रेघ सापडायची पण अंगावर जर्सीचे ठिपके, कुठे रंग सापडायचा पण वशिंड नाही. शेवटी एका वस्तीवर एका म्हाताऱ्याच्या दारात ती सापडली. अस्सल, पण म्हातारी. दात झिजलेले, माजावर येऊन गाभण राहण्याचं वय कधीच उलटलेलं. म्हाताऱ्याने दावं मामांच्या हातात दिलं. "न्या. माझ्यामागं हिला कसायाकडंच जायचं हाय."

मामांनी तिला आपल्या घरामागे बांधली. मी पाहायला गेले. खरंच हो, काय डोळे होते! मामी तिला भाकरी चारत होत्या आणि मामा नवरी दाखवावी तसे गाय दाखवत होते. "हिची माय चंद्री. म्हाताऱ्यानं सांगितलं."

त्या दिवशी माझ्या पिशवीत कात्री होती, सलाइन होतं. जिवंत गाईच्या कानाचा तुकडा घेणं दोन मिनिटांचं काम. तो बर्फात ठेवून एखाद्या प्रयोगशाळेत पाठवता आला असता, निदान विचारता तरी आलं असतं. मी चहा प्यायले आणि परत आले. खरं सांगायचं तर मामांचं ते वेड मी मनावरच घेतलं नव्हतं. गावठी गाईचा क्लोन कोण करणार, असं मी मनातल्या मनात हसलेही असेन.

मे महिन्यात मी प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा काजळी गेली. परत आले त्या सकाळी मामा माझ्या खोलीत आले आणि त्यांनी टेबलावर बाटली ठेवली. आत कानाचं टोक, नखाएवढं नाही, चांगलं बोटभर. चिठ्ठीवर त्यांचं गोल अक्षर: 'काजळी. मायचं नाव चंद्री. जपून ठेवणे.'

"म्याच कापला," मामा म्हणाले. "सकाळी गेली, तवाच. अजून अंग ऊन व्हतं. बापाची आधी माफी मागितली. म्हनलं, एवढ्या बारीला हात लावू द्या."

झाकण उघडायची गरजच नव्हती. ते पाणी मी रोज पाहत होते. फॉर्मॅलिनमध्ये मांस कुजत नाही, पण त्यातली प्रत्येक पेशी मरते. त्या कानातून आता माशीसुद्धा जन्माला आली नसती.

"होईल ना, म्याडम?"

मामांच्या चेहऱ्याकडे पाहून मी म्हटलं, "बघू. वेळ लागेल." तुम्ही माझ्या जागी काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही. मी ते म्हटलं.

पुढे माझी बदली हिंगोलीला झाली, मामा निवृत्त झाले. अधूनमधून फोन यायचा. "जयभीम म्याडम. काही कळलं का?" मी म्हणायची, अजून आपल्याकडे सोय नाही. ते म्हणायचे, बराबर हाय, घाई न्हाई, मी दर सालाला पानी बदलून राहिलो.

मग गेल्या वर्षी त्या पांढऱ्या लांडग्यांची बातमी आली. नाहीशा झालेल्या लांडग्यांची पिल्लं म्हणून फोटो छापून आले. तिसऱ्या दिवशी मामा माझ्या ऑफिसच्या दारात. अंगावर इस्त्रीचा सदरा, खांद्याला पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली.

"लांडगे झाले, म्याडम! उत्तरेत म्हशीचं करतेत म्हने. मी चाललो तिकडं. रातच्या गाडीचं तिकीट काढलं. तुमी निस्ती एक चिठ्ठी लिहून द्या, मला विंग्रजी येत न्हाई."

मला डोळ्यांसमोर दिसलं. दोन दिवसांचा प्रवास करून कुठल्याशा मोठ्या फाटकाशी बाटली घेऊन उभे असलेले मामा, आणि बाटली पाहून हसणारा कोणी शिकलेला माणूस. ते मला सहन होईना. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरते. तुकडा जिवंत ठेवायचा असतो, गार ठेवून लगेच पोचवायचा असतो. या कानाचं आता काहीच होणार नाही.

मामांनी टॉवेल सोडून बाटली टेबलावर ठेवली.

"म्हंजे दोनदा मीच संपिवली," ते म्हणाले.

मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. "न्हाई, न्हाई म्याडम. तुमचा काय दोष? तुमी तवा सांगितलं आसंल, गार ठिवा म्हनून. तुमी समदं नीट सांगता. माझंच ध्यान नसंल. अडान्याचं डोस्कं."

त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं, की मी सांगितलं नव्हतं. पाच शब्दसुद्धा नाहीत. मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, "जाऊ द्या मामा, मनाला लावून घेऊ नका." त्यांनी बाटली पुन्हा टॉवेलात गुंडाळली आणि ते एसटी स्टँडकडे गेले. त्यानंतर फोन आला नाही. मीही केला नाही.

दिवाळीनंतर मामा गेले. मला आठ दिवसांनी कळलं. घरी गेले तर मामी ओट्यावर एकट्याच तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी आत जाऊन चहा केला. बाटलीतला कान मामांनी माळावर नेऊन पुरला, असं सांगितलं. शेवटी शेवटी फारसे बोलतच नव्हते म्हणाल्या.

"एकच धरून बसले व्हते. म्याडमनी मला बराबर सांगितलं व्हतं, म्याच ऐकलं न्हाई. जो भेटंल त्याला हेच सांगायचे. मी म्हनायची, आवो, गाय व्हती, जाऊ द्या आता. पर ऐकत नव्हते."

कप माझ्या हातात तसाच राहिला. "मामी," मी म्हटलं, "मी सांगितलं नव्हतं. नुसतं जपून ठेवा म्हटलं होतं. कसं ठेवायचं ते सांगायचं मीच विसरले. त्यांची काही चूक नव्हती."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. राग आला असता तर बरं झालं असतं.

"हे मला सांगून काय करता, म्याडम?" त्या म्हणाल्या. "त्येन्ला सांगायचं व्हतं."

आणि त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.