वारंगा फाट्यावरचा बाप

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेनं उंदरांच्या पोटातल्या गाठी पाहायचं स्कॅनर यंत्र मागवलं. ते नांदेडला नेताना वारंगा फाट्यावर आमचा टेम्पो चहाला थांबला. हॉटेलच्या बाकावर एक माणूस आजारी मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. तिच्या तोंडावरच्या माश्या तो उपरण्यानं हळूहळू वारत होता.

"कशाची मशीन, साहेब?"

मी सांगितलं.

"माझ्या लेकरालाबी पोटात गाठ हाय. डॉक्टर म्हणले, आता घरी न्या. यात एकदा बघता का?"

"यात फक्त उंदीर मावतो," म्हणत मी मूठ दाखवली.

त्यानं मुलीच्या अंगावरची चादर बाजूला केली.

"लई बारीक झालंय, साहेब. मावंल."

तेवढ्यात डोंगरकडा गावाला जाणारी जीप आली. त्यानं तिला एका हातानं उचललं आणि दुसऱ्या हातानं मला रामराम केला.